घरात अहिराणी, तज्ज्ञ जिल्ह्याच्या गावी : उशिरा बोलणाऱ्या मुलाचे वाचा-उपचार कसे करावेत?

बोरीकाठ

नमस्कार मंडळी. माझ्या बहिणीचा मुलगा पावणेतीन वर्षांचा असून अमळनेर तालुक्यातील एका गावात एकत्र कुटुंबात वाढतो आहे. 'माय', 'पानी', 'गाडी' असे मोजके सुटे शब्द तो बोलतो, परंतु दोन शब्द जोडून अजून बोलत नाही. हवी ती वस्तू तो बोटाने दाखवतो, नावाने हाक मारली की वळून पाहतो, 'चप्पल आण' म्हटले की आणतो. घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की 'याना बापबी उशिराज बोलना व्हता', तेव्हा काळजीचे कारण नाही. बहिणीचे त्याने समाधान झाले नाही, म्हणून ती त्याला जिल्ह्याच्या गावी एका खासगी केंद्रात घेऊन गेली. तेथे स्पीच थेरपी सुरू करण्याचा सल्ला मिळाला आणि तो आम्हाला पटला. मात्र त्याच बैठकीत असेही सांगण्यात आले की घरातील अहिराणी पूर्णपणे बंद करावी आणि मुलाच्या कानावर केवळ शुद्ध मराठी पडावी, कारण दोन भाषांमुळे त्याचा गोंधळ होतो आहे.

या सल्ल्याचा घरात झालेला परिणाम मला अस्वस्थ करतो. बहीण आणि मेहुणे दिवसभर शेतात असतात. मूल आजीजवळ असते. आजींना अहिराणीखेरीज दुसरी भाषा सहजपणे बोलता येत नाही. आपल्या बोलण्यामुळे नातवाचे नुकसान होईल या भीतीने त्यांनी त्याच्याशी बोलणेच कमी केले आहे. पूर्वी त्या त्याला मांडीवर घेऊन गोष्टी सांगत. आता जेवायलाही खुणेनेच बोलावतात.

माझे दोन प्रश्न आहेत. अहिराणी खरोखर बंद करावी का? आणि कापूस वेचणीच्या दिवसांत दर आठवड्याला जिल्ह्याच्या गावी जाणे अशक्य असेल, तर उपचार कसे चालू ठेवावेत? ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

गिरणाथडी

भाऊ, पहिला प्रश्न मी विचारतो. कानांची तपासणी झाली आहे का?

बोरीकाठ

नाही. केंद्रात मागून टाळी वाजवून पाहिली, मुलगा वळला, तेव्हा तपासणीची आवश्यकता नाही असे सांगितले.

स्वरवेध

मी वाचा-भाषा व श्रवणतज्ज्ञ आहे आणि उत्तर महाराष्ट्रात काम करते. भाषेच्या प्रश्नावर नंतर लिहीन. आधी टाळीबद्दल लिहिणे आवश्यक आहे.

टाळी हा मोठा आवाज आहे आणि त्यात उंच-खालच्या सर्व पट्ट्यांचे ध्वनी एकदम असतात. ज्या मुलाला मध्यम स्वरूपाचा श्रवणदोष आहे, किंवा ज्याला केवळ उंच पट्टीचे ध्वनी ऐकू येत नाहीत, असे मूलही टाळीकडे वळते. त्याला आपल्या बोलण्यातील स्वर ऐकू येतात. स, श, फ, त यांसारखी क्षीण व्यंजने मात्र निसटतात. सर्दीमुळे कानाच्या पडद्यामागे द्रव साचला असेल तर ऐकू येण्याचे प्रमाण आठवड्यागणिक बदलते आणि त्यामुळे घरच्यांना 'त्याला सर्व ऐकू येते, तो लक्ष देत नाही' असे वाटत राहते. बोलण्यास विलंब होत असलेल्या प्रत्येक मुलाची रीतसर श्रवणतपासणी थेरपी सुरू होण्यापूर्वी झाली पाहिजे. या वयात मध्यकर्णाची तपासणी, ओएई (आवाजाला आंतरकर्ण देत असलेला प्रतिसाद मोजणारी) आणि आवश्यकता वाटल्यास बेरा (कानाची नस व मेंदू यांचा प्रतिसाद मोजणारी) या चाचण्या करतात. यांपैकी एकाही चाचणीत मुलाला काही दुखत नाही.

केळीपट्ट्यातील आई

स्वरवेध ताईंच्या म्हणण्याला माझा पूर्ण दुजोरा आहे. आम्ही रावेर तालुक्यात राहतो. माझ्या मुलीचे ऐकणे दोन्ही कानांनी कमी आहे, हे बेरा चाचणीनंतरच कळले, कारण भांडे पडले की ती दचकत असे आणि दारात ट्रॅक्टर आला की धावत बाहेर जात असे. आता तिला दोन्ही कानांना श्रवणयंत्रे आहेत, ती अंगणवाडीत जाते आणि बडबड करते.

बेरासाठी जाणाऱ्यांना एक व्यावहारिक गोष्ट सांगते, कारण ती आम्हाला आधी कोणी सांगितली नव्हती. या चाचणीत मूल शांत झोपलेले असावे लागते. खेड्यातून एसटीने निघालेले मूल हमखास गाडीत झोपते आणि दवाखान्यात पोहोचल्यावर ताजेतवाने होऊन खेळू लागते. मग झोपेचे औषध द्यावे लागते किंवा पुढची तारीख घ्यावी लागते. म्हणून आदल्या रात्री मुलाला उशिरा झोपवावे, पहाटे लवकर उठवावे, प्रवासात खिडकीजवळ बसवून जागे ठेवावे आणि चाचणीच्या वेळेआधी पोटभर खाऊ घालावे. झोपेचे औषध देण्याची शक्यता असेल तर खाण्याबद्दल तेथील डॉक्टरांना आधी फोनवर विचारून घ्यावे.

शिरपूरचे गुरुजी

भाषेच्या मुद्द्यावर मला त्या केंद्राचा सल्ला सर्वस्वी चुकीचा वाटत नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवतो. घरात केवळ बोली ऐकलेले मूल शाळेत आले की पुस्तकातील मराठी त्याला परकी वाटते, ते गप्प बसते आणि वर्षभर मागे राहते. ज्या मुलाला मुळातच बोलण्याची अडचण आहे, त्याच्यावर दोन भाषांचा भार कशासाठी टाकावा? आजीबाईंबद्दल मला आदर आहे, तथापि शाळा मराठीत आहे, परीक्षा मराठीत आहेत, पुढचे जगणेही बरेचसे मराठीत आहे. एकच भाषा पक्की व्हावी असे म्हणण्यात अहिराणीचा अवमान नाही.

तळोद्याची सून

गुरुजी, मग आजीने नातवाशी बोलायचेच नाही का?

शिरपूरचे गुरुजी

बोलावे, पण जमेल तितके मराठीत बोलावे, इतकेच माझे म्हणणे आहे. हळूहळू सवय होते.

स्वरवेध

गुरुजींनी मांडलेली अडचण शाळेच्या दृष्टीने खरी आहे, म्हणून तिला नीट उत्तर द्यावेसे वाटते.

दोन भाषा ऐकल्यामुळे भाषाविकासाचा दोष निर्माण होतो, असे आजवरच्या अभ्यासांतून दिसून आलेले नाही. स्वमग्न किंवा बौद्धिक विकासात मागे असलेली मुलेसुद्धा आपापल्या क्षमतेनुसार दोन भाषा आत्मसात करतात. दोष असेल तर तो दोन्ही भाषांत दिसतो. घरी अहिराणीत भरभरून बोलणारे आणि वर्गात गप्प बसणारे मूल बहुधा शाळेच्या भाषेला सरावलेले नसते. त्याला वेळ आणि समजूतदार शिक्षक हवा असतो, थेरपी नव्हे. उलट जे मूल आजीजवळ अहिराणीतही दोन शब्द जोडत नाही, त्याला मदत हवी आहे आणि ती त्याला समजणाऱ्या भाषेतूनच दिली पाहिजे. शब्दांची मोजदाद करतानाही दोन्ही भाषांतील शब्द एकत्र धरायचे असतात. 'पानी' आणि 'गाडी' म्हणणारे मूल 'आठे' (इथे) आणि 'तठे' (तिथे) सुद्धा म्हणत असेल, तर ते शब्द केंद्रातील नोंदीत आले होते का, हे विचारून पाहावे.

मुलाला भाषा मिळते ती त्याच्याशी होणाऱ्या सहज देवाणघेवाणीतून. जी व्यक्ती दिवसातील सर्वाधिक वेळ त्याच्याजवळ आहे, तिला परक्या भाषेत बोलायला लावले की तिची वाक्ये तुटक होतात, गोष्टी थांबतात, थट्टामस्करी आणि लाड थांबतात. बोरीकाठ यांनी वर्णन केलेली आजी त्याहीपुढे जाऊन गप्प झाली आहे. पावणेतीन वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने हे नुकसान मोठे आहे. माझे स्पष्ट मत असे की आजींनी आजपासूनच अहिराणीत पूर्वीसारखे बोलायला सुरुवात करावी. मराठी आई-वडिलांकडून, अंगणवाडीतून येईल आणि घरच्या भाषेचा पाया भक्कम असेल तर लवकर येईल.

उच्चारांबद्दलही एक इशारा देते. अहिराणीत 'शाळा' हा 'शाया', 'डोळा' हा 'डोया' आणि 'पाणी' हे 'पानी' होते. लेवा पाटीदारांच्या बोलीतही ळ चा य होतो. अहिराणी घरातील पाच वर्षांचे मूल 'शाया' म्हणाले तर तो त्याच्या भाषेचा बरोबर उच्चार आहे, तो दोष म्हणून कागदावर मांडणे ही तपासणाऱ्याची चूक आहे. तेच मूल 'काय' ऐवजी 'ताय' आणि 'गाडी' ऐवजी 'दादी' म्हणत असेल, तर जिभेचा मागचा भाग उचलला जात नाही असे समजावे. लहानपणी हे चालते, परंतु चार वर्षांनंतरही तसेच राहिले तर त्यावर काम करावे लागते. घरात कोणती बोली बोलतात हे न विचारता उच्चारांची परीक्षा घेणाऱ्या व्यक्तीला हा भेद कळणे शक्य नाही.

सातपुड्याची सेविका

मी धडगाव भागात अंगणवाडीत काम करते. आमच्याकडे पावरी आणि भिली बोलणारी मुले आहेत. त्यांना मराठी शब्दांची चित्रे दाखवून 'हे काय आहे' असे विचारले तर निम्मी मुले बोलत नाहीत आणि तपासणीच्या कागदावर 'भाषाविकासात विलंब' असे लिहिले जाण्याचा धोका असतो. म्हणून तपासणी पथक आले की मी शेजारी बसते आणि तोच प्रश्न पावरीत विचारते. ज्यांना खरी अडचण आहे ती दोन-तीन मुले मग चटकन वेगळी ओळखू येतात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये सुरू झाला. त्याचे फिरते पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येणे अपेक्षित असते. जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात होते आणि ऐकण्याचे दोष, भाषेचा विलंब, स्वमग्नता हे सर्व त्यात येते. पुढील उपचारांसाठी मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. बोरीकाठ भाऊ, आपल्या गावच्या अंगणवाडी ताईंकडे मुलाचे नाव नोंदवा आणि संदर्भ चिठ्ठी मागून घ्या; चिठ्ठी असली की जिल्ह्याच्या ठिकाणी रांगेत उभे राहून सर्व इतिहास पुन्हा सांगावा लागत नाही.

आमच्या भागात सर्वांत मोठी अडचण स्थलांतराची आहे. दिवाळीनंतर कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि मूल होळीच्या सुमारास परत येते. ज्या मुलांचे नाव संदर्भ यादीत असते, त्यांच्या आयांना मी निघण्यापूर्वी कागदाची प्रत देते आणि ज्या गावी जाल तेथील अंगणवाडीत दाखवा असे सांगते.

शिरपूरचे गुरुजी

सेविका ताई, आपण तपासणीच्या वेळी शेजारी बसता ही गोष्ट मला महत्त्वाची वाटली. आमच्या शाळेत पथक येते तेव्हा आम्ही हजेरीपट देऊन बाजूला होतो. शिरपूर तालुक्यातही पावरी बोलणारी मुले आहेत. या वर्षी पथकासोबत मोठ्या वर्गातील एखादी बहीण किंवा भाऊ बसवण्याची सूचना मी करणार आहे.

आजींनी बोलत राहावे, हे स्वरवेध ताईंचे म्हणणे मला मान्य आहे. मात्र माझा एक आग्रह कायम आहे. तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून मुलाच्या कानावर मराठी गोष्टी आणि गाणी नियमितपणे पडावीत, अन्यथा पहिलीतील धक्का टळत नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात किमान पाचवीपर्यंत शक्य तेथे घरची भाषा शिकवण्याचे माध्यम असावे असे म्हटले आहे, परंतु अहिराणी किंवा पावरीतून प्रत्यक्ष शिकवण्याची साधने माझ्या वर्गात आज नाहीत, ही वस्तुस्थिती आहे.

जुना धुळेकर

इतक्या लहान वयात एवढ्या तपासण्यांची गरज आहे का, असे मला प्रामाणिकपणे वाटते. आमच्या पिढीत वेखंड उगाळून मधातून जिभेवर चोळत असत आणि मुले बोलायला लागत. काहींची जीभ खालून चिकटलेली असे, ती डॉक्टर मोकळी करत. मुलाच्या वडिलांनीही उशिराच बोलायला सुरुवात केली होती, असे धाग्यात लिहिलेच आहे. मुलगे मुलींपेक्षा उशिरा बोलतात. कुटुंबाला विनाकारण खर्चात आणि भीतीत लोटू नये.

स्वरवेध

आबा, भीती घालू नये याबद्दल आपले म्हणणे योग्य आहे. या मुलाच्या बाबतीत आशादायक गोष्टी आहेत : त्याला समजते, तो बोटाने दाखवतो, हाकेला वळतो. उशिरा बोलणाऱ्या मुलांपैकी पुष्कळ जण पुढे बरोबरीला येतात. परंतु कोणते मूल आपोआप येईल आणि कोणते मागे राहील, हे घरी बसून सांगता येत नाही. वडील उशिरा बोलले होते ही गोष्ट घरात दिलासा म्हणून सांगितली जाते. आमच्या दृष्टीने ती सावध करणारी माहिती आहे, कारण भाषेच्या अडचणी कुटुंबांत चालत येतात. मुलगे सरासरीने थोडे उशिरा बोलतात हे खरे असले तरी तो फरक महिन्या-दोन महिन्यांचा असतो, वर्षाचा नव्हे. साधारण एक वर्षाला पहिला अर्थपूर्ण शब्द, दोन वर्षांना दोन शब्दांची जोडणी आणि तिसऱ्या वर्षी बाहेरच्या माणसालाही बरेचसे कळेल असे बोलणे, ही अपेक्षा असते. पावणेतीन वर्षांना जोडणी नसेल तर थांबून पाहण्याचा काळ संपलेला आहे.

वेखंडाने भाषा येत नाही. वर्षाच्या आतील बाळाला मध तर मुळीच देऊ नये, कारण त्यातून बोट्युलिझम नावाची गंभीर विषबाधा होऊ शकते. जिभेखालचा तंतू आखूड असेल तर स्तनपानात अडचण येऊ शकते, क्वचित र, ल, ड यांसारख्या काही उच्चारांवर परिणाम होतो. परंतु मूल शब्दच बोलत नाही याचे ते कारण नसते. तंतू मोकळा करून घरी परतलेली आणि तरीही न बोलणारी मुले मी पाहिली आहेत. त्यांचे मूळ कारण ऐकण्यात किंवा भाषेत होते आणि शस्त्रक्रियेच्या समाधानात महिने निघून गेले होते.

शहाद्याचे आजोबा

दुभंगलेल्या टाळूबद्दल दोन शब्द लिहितो, कारण त्याही बाबतीत शस्त्रक्रियेवर सर्व भार टाकला जातो. माझ्या नातीच्या टाळूची शस्त्रक्रिया वेळेत झाली आणि उत्तम झाली. तरीही ती नाकातून बोलत असे आणि प, ब, ट यांच्या जागी घशातून आवाज काढत असे. नंतरच्या थेरपीत तिला हवा तोंडातून सोडायला शिकवले. नाकाखाली लहान आरसा धरून वाफ उमटते का ते पाहत. सुरतेला जाऊन-येऊन हे उपचार आम्ही केले, कारण नंदुरबारहून रेल्वेने ते आम्हाला सोयीचे होते. टाके निघाले म्हणजे काम संपले असे कोणी समजू नये.

पांझरेचा प्रवाह

मी अडखळत बोलतो. धाग्याचा विषय उशिरा बोलण्याचा आहे, तरी पालक हे वाचत असल्यामुळे लिहितो. दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान अनेक मुले बोलताना अडखळू लागतात आणि त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश मुले पुढे आपोआप सुरळीत बोलतात. ज्यांचे अडखळणे सहा महिने ते वर्षभर टिकते, ज्यांच्या घरात आणखी कोणी अडखळणारे आहे, किंवा ज्यांचा चेहरा बोलताना ताणला जातो, त्यांना तज्ज्ञांकडे न्यावे. घरच्यांनी 'हळू बोल', 'श्वास घे', 'पुन्हा म्हण' असे सांगणे थांबवावे आणि स्वतः सावकाश बोलावे. माझ्या वर्गात एका शिक्षकांनी मला धडा वाचायला उभे करणे कायमचे बंद केले होते. हेतू दयेचा होता, परंतु त्या दिवसापासून मी हात वर करणे सोडले. गुरुजी, अशा मुलाला वाचायला द्या, वेळ द्या आणि त्याचे वाक्य त्याच्या वतीने पूर्ण करू नका. मोठ्या वयात मला 'द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन' या स्वमदत संघटनेच्या बैठकांचा खूप आधार झाला.

शिरपूरचे गुरुजी

लक्षात ठेवीन. मनापासून आभार.

चाळीसगावची नीरा

माझा मुलगा स्वमग्न आहे. चित्रकार्डांबद्दल येथे कोणीच लिहिले नाही. तो पाच वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता, तेव्हा थेरपिस्ट मॅडमनी त्याला चित्र देऊन वस्तू मागायला शिकवले. पाण्याचे चित्र हातात दिले की पाणी मिळते, हे कळल्यावर त्याचे डोके आपटणे आणि चावणे कमी झाले. आयआयटी मुंबईच्या आयडीसी विभागाने तयार केलेले 'जेलो' हे ॲपही आम्ही वापरतो. ते विनामूल्य आहे आणि मराठीतही बोलते.

गिरणाथडी

ताई, आपल्या अनुभवाबद्दल आदर राखून विचारतो. चित्र देऊन काम भागले तर मूल बोलण्याचा प्रयत्न सोडून देणार नाही का? आमच्या शेजारच्या कुटुंबाने याच कारणाने कार्डे परत केली.

चाळीसगावची नीरा

हीच शंका माझ्या सासूबाईंची होती. आमच्याकडे उलट घडले. कार्ड देताना मी दर वेळी तो शब्द म्हणत असे, आणि काही काळाने त्यानेही 'पा' असा आवाज काढायला सुरुवात केली. आज तो थोडे शब्द आणि थोडी चित्रे मिळून आपले म्हणणे मांडतो. पण समजा तो एकही शब्द बोलला नसता, तरी त्याला तहान लागली हे मला कळणे महत्त्वाचे नव्हते का? बोलणे हे एक साधन आहे. आपले म्हणणे दुसऱ्यापर्यंत पोहोचवण्याचा त्याचा हक्क त्याच्या जिभेवर अवलंबून ठेवता येणार नाही.

स्वरवेध

नीरा ताईंच्या म्हणण्याला अभ्यासांचा आधार आहे. चित्रे, खुणा किंवा ॲप यांमुळे बोलणे थांबते असे आढळलेले नाही. पुष्कळ मुलांत ते वाढते. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातील शिक्षणविषयक तरतुदींतही संवादाच्या अशा पर्यायी साधनांना प्रोत्साहन द्यावे असे म्हटले आहे.

भुसावळचा लिपिक

कागदपत्रांबद्दल थोडे लिहितो. 2016 च्या कायद्यात 21 प्रकारच्या दिव्यांगता आहेत. वाचा व भाषा दोष, श्रवणदोष, स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा त्यांत समावेश आहे. अनेक सवलतींसाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते आणि त्यासाठी स्वावलंबन संकेतस्थळावर यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, अर्ज करावा लागतो. राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' आरोग्य विमा योजना एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते आणि तिच्यात थेरपीचा खर्चही येतो, परंतु ती स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चारच गटांसाठी आहे. केवळ उशिरा बोलणाऱ्या मुलाला ती लागू होत नाही. श्रवणयंत्रासाठी केंद्राची एडिप ही साहाय्यक उपकरणांची योजना आहे. बोरीकाठ यांच्या भाच्यासाठी आज प्रमाणपत्राच्या मागे लागण्याची गरज मला दिसत नाही. निदान आधी व्हावे.

थेरपिस्ट निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी अवश्य विचारावी. ही परिषद 1992 च्या कायद्याने काम करते आणि वाचा व श्रवण व्यावसायिकांची केंद्रीय नोंदवही ठेवते. नोंदणी क्रमांक विचारण्यात कोणाचाही अपमान नाही.

बोरीकाठ

सर्वांचे आभार. हा धागा मी बहिणीला वाचून दाखवला आणि स्वरवेध ताईंचा प्रतिसाद तिने आजींना अहिराणीतून समजावून सांगितला. आजी पुन्हा बोलू लागल्या आहेत. अंगणवाडीतून चिठ्ठी घेतली आहे आणि श्रवणतपासणीची वेळ मिळाली आहे.

माझा दुसरा प्रश्न मात्र अजून शिल्लक आहे. वेचणी सुरू झाली की घरात सवडीचा माणूस म्हणजे आजीच. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. थेरपीतील गृहपाठ त्यांनी कसा करावा? आणि मोबाईलवरील बालगीतांनी काही मदत होईल का?

स्वरवेध

मोबाईलने या वयात भाषा येत नाही, कारण पडदा मुलाच्या बोलण्याला उत्तर देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचनेनुसार दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी पडद्याचा वेळ दिवसाला एक तासापेक्षा अधिक नसावा, आणि कमी असेल तितका चांगला. व्हिडिओ कॉलवर मामाशी बोलणे वेगळे, कारण तेथे समोर माणूस आहे.

गृहपाठासाठी लिहिता-वाचता येण्याची गरज नाही. आजी दिवसभर जे करतात त्यातच तो बसवायचा आहे. सर्वप्रथम परीक्षा घेणे थांबवावे. 'हाई काय शे? सांग ना, सांग' असे वारंवार विचारले की मूल तोंड मिटते. त्याऐवजी आजींनी जे चालले आहे ते सांगत जावे : शेंगा फोडताना 'शेंग फोडी, दाना निंघना', गाडी दिसली की 'गाडी उनी', निघाली की 'गाडी गयी'. मूल 'पानी' म्हणाले तर आजींनी 'थंड पानी' किंवा 'पानी दे' असे एक शब्द वाढवून म्हणावे आणि पाणी द्यावे. त्याने ते पुन्हा म्हटलेच पाहिजे असा हट्ट नको. दोन वस्तू समोर धरून 'केयी का भाकर?' असे विचारावे, म्हणजे शब्द त्याच्या कानावर पडलेला असतो आणि निवड त्याची असते. आणि सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे थांबणे. काही विचारल्यावर किंवा त्याने बोट दाखवल्यावर मनात दहा अंक होईपर्यंत त्याच्या तोंडाकडे पाहत गप्प राहावे. एकत्र कुटुंबात मुलाने बोट उचलण्याआधीच चार जण वस्तू हातात देतात, तेव्हा शब्द वापरण्याची वेळ त्याच्यावर येतच नाही.

भेटींबद्दल बोलायचे तर या वयात थेरपिस्टचे खरे काम मुलाला टेबलाशी बसवण्यापेक्षा घरच्यांना शिकवण्याचे असते. पंधरा दिवसांतून किंवा महिन्यातून एक भेट आणि मध्ये व्हिडिओ कॉल, अशी रचना चालू शकते. आजी आणि नातू खेळत असताना पाच मिनिटांचे चित्रीकरण करून थेरपिस्टला पाठवावे. केंद्रात नवख्या माणसासमोर मूल जे दाखवत नाही ते त्यात दिसते. शक्य असेल तेव्हा पहिल्या भेटीला आजींनाच घेऊन जावे.

हे सर्व करूनही दोन-तीन महिन्यांत नवे शब्द आणि जोडणी दिसली नाही, तर पुन्हा सविस्तर मूल्यमापन करून घ्यावे. आणि मध्येच त्याने येत असलेले शब्द गमावले, नजर देणे किंवा बोट दाखवणे सोडले, तर वेचणी संपण्याची वाट न पाहता लगेच बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

केळीपट्ट्यातील आई

आजींना नेताना त्यांना आधी सांगून ठेवा की तेथे अहिराणीतच बोलायचे. माझ्या सासूबाई दवाखान्यात गेल्या की अवघडून मराठी बोलू लागत आणि मुलगी त्यांच्याकडे गोंधळून पाहत असे.

बोरीकाठ

हे उपयोगी आहे, सांगतो. एक शेवटची विचारणा : ज्या केंद्राने अहिराणी बंद करायला सांगितली, तेथेच पुढे जावे की केंद्र बदलावे? दुसरे केंद्र अमळनेरहून बरेच लांब पडते.

स्वरवेध

आधी त्यांच्याशी बोलून पाहा. श्रवणतपासणीचा अहवाल आणि घरातील अहिराणी शब्दांची यादी घेऊन जा, आणि आजी मुलाशी अहिराणीतच बोलणार आहेत असे शांतपणे सांगा. अहिराणी शब्द मोजण्याची आणि आजींना बैठकीत बसू देण्याची त्यांची तयारी असेल, तर जवळचे केंद्र सोडण्याचे कारण नाही. तयारी नसेल, तर महिन्यातून एकदाच का होईना, लांबच्या केंद्रात जावे आणि उरलेले काम व्हिडिओवर करावे. वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था 1983 पासून याच क्षेत्रात काम करते. निदानाबद्दल शंका राहिली तर दुसऱ्या मतासाठी तेथे जाता येईल.

बोरीकाठ

शब्दांची यादी आजच करायला घेतली आहे. आजी सांगतात आणि बहीण लिहिते. केंद्रात तिने सांगितले होते त्यापेक्षा शब्द बरेच अधिक निघत आहेत. श्रवणतपासणीचा अहवाल आला की येथे लिहीन.